लोखंडी खेकड्याचा नवस

बुआलाई मावशी थायलंडमधल्या महासारखामच्या बाजारात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकायची. तिच्या खलापुढे बसून कुणाला सिनेमाचा विषय काढायचा असेल, तर शहाण्यानं आधी पोटभर खाऊन घ्यावं, कारण मग बत्ता हवेत आणि तोंड सुरू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तिच्या आयुष्यात पुरुष एकच उरला होता, पडद्यावरचा लोखंडी खेकडा. संकटात सापडलेल्या माणसासाठी दोन पोलादी नांग्या उगारून धावणारा, असा वीर!

पहिल्या भागाच्या शेवटी खेकडा पुलावरून समुद्रात कोसळला आणि मावशीनं चक्क सुतक पाळलं. कोशिंबिरीत खेकडा घालणं बंद. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर म्हणे, "लाज नाही वाटत? तो तिकडे बेपत्ता, आणि तुला इथे खेकडा हवाय!" बाजार हसला. हसेना का! मावशी उठली ती थेट पिंपळाखालच्या चाओपोंकडे गेली. चाओपो म्हणजे गावाचे राखणदार देव, नवसाला पावणारे, पण शब्दाला पक्के. तिनं उदबत्त्या लावल्या, लाल सोड्याची बाटली नळी घालून पुढे ठेवली आणि हात जोडले. "चाओपो, दुसऱ्या भागात त्याला जिवंत परत आणा. आलाच, तर तोच सिनेमा तुमच्या अंगणात पडदा लावून तुम्हाला दाखवीन."

आणि आला की हो! दुसरा भाग लागला, मावशी पहिल्याच खेळाला हजर. पण बाहेर आली ती खवट खोबरं चावल्यासारखं तोंड करून.

"नांग्या काढून टाकल्या मेल्यांनी! म्हणे शांततेसाठी! बिननांग्यांचा खेकडा म्हणजे काय, झुरळ! आठवण गेली म्हणून अर्धा सिनेमा समुद्राकडे बघत बसतो. अरे, समुद्र बघायला तिकीट काढलं होतं का मी? तो दुष्ट शेवटी रडून माफी मागतो! मारामारी एकच, तीही अंधारात. कोण कुणाला हाणतंय, ते हाणणाऱ्यालाही कळत नसेल."

प्रत्येक ताटाबरोबर हे फुकट. शेवटी थोंगमा काकांनी तिला टोकलं. काका पडदा आणि यंत्र घेऊन गावोगाव उघड्यावर सिनेमे दाखवायचे. नवस फेडायचा झाला की लोक त्यांनाच बोलावत.

"बुआलाई, तो परत आला कुणामुळे?"

"चाओपोंमुळे."

"मग इतके दिवस तू शिव्या कुणाला घालतेयस?"

मावशीचा बत्ता हातातच राहिला. अगं बाई, खरंच की! दुसऱ्या दिवशी खल तडकला. मग गुडघा सुजला. मग मिरच्यांना बुरशी आली. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. नवस फेडला नाही तर कोप, आणि फेडावा तर हा भिकार सिनेमा देवाच्या माथी मारायचा!

"काका, दुसरा एखादा बरासा लावू या का?"

"तोच दाखवीन म्हणालीस ना? मग तोच. देवाशी घासाघीस करू नकोस."

अंधार पडल्यावर पिंपळासमोर पडदा लागला. पुढच्या खुर्च्या चाओपो आणि त्यांच्या मंडळींसाठी रिकाम्या, मागे चटया टाकून गाव. मावशी कडेला उभी राहून दर रटाळ प्रसंगाला खुर्च्यांकडे बघून पुटपुटत होती, "माफ करा हं, पुढे जरा बरं आहे." पुढे काही बरं नव्हतं.

खेकडा समुद्राकडे बघत लांबलचक भाषण सुरू करणार, एवढ्यात आवाज बंद! ओठ हलतायत, शब्द नाही.

"चाओपोंनी कान झाकले!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि कुणीही हसलं नाही. अर्धा सिनेमा म्हणजे अर्धा नवस, आणि अर्ध्या नवसासारखं वाईट काही नाही. काकांनी तारा हलवल्या, यंत्राला दोन चापट्या मारल्या. भोंगा ठीक होता, सिनेमाचाच आवाज गेला होता. तरुणपणी काका पडद्याशेजारी बसून नायक, नायिका, दुष्ट, कुत्रा, सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. आता पुढचे दात गेलेले, शब्दाआधी वारा यायचा. त्यांनी माईक मावशीच्या हातात कोंबला. "सगळं तोंडपाठ आहे ना तुला? मग बोल!"

मावशी बोलली. पण तोंडपाठ होतं ते नाही, तिच्या मते जे असायला हवं होतं ते. खेकडा समुद्राकडे बघत म्हणाला, "बूड दुखलं माझं इथे बसून! नांग्या कुणी चोरल्या रे?" रडणारा दुष्ट म्हणाला, "माफी कसली, डोळ्यात मिरची गेलीय!" अंधारातल्या मारामारीत आवाज आला, "हाण! अरे, तो खांब आहे!" गाव चटयांवर लोळायला लागलं.

मग शेवट आला. खेकडा एका मुलीपुढे गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारत होता. इथे मावशीला त्याला ताडकन उठवायचं होतं, नांग्या परत मागायला लावायच्या होत्या. पण त्याचा चेहरा पडदाभर झाला. श्वास घेत होता, डोळे मिचकावत होता. मावशीला भरून आलं. तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि हातात माईक आहे हेच ती विसरली.

"तुमची काही चूक नाही हो. मी जिवंत मागितला, तुम्ही जिवंत दिलात. शहाणा मागायचं माझ्याच ध्यानात राहिलं नाही. आता आहे तसा गोड मानून घेते."

नेमके त्याच वेळी पडद्यावर उत्तरादाखल त्या मुलीचे ओठ हलत होते.

मग चटयांवरच्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि मागून एकजण ओरडली, "मावशी, आमच्याकडचाही असाच नवसाचा आहे गं!"