सावित्रीपल्याडचा उंदीर

आज उंदराच्या पिंजऱ्यात भाजलेला बोंबील अडकवताना वास हाताला लागला आणि पोलादपूरच्या शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवला.

विज्ञानाच्या बाई एक गोष्ट वाचत होत्या. परग्रहावरच्यांनी माणसं पकडून पिंजऱ्यात ठेवली आहेत. भाषा कळत नाही. मग आपण जनावरं नाही, आपल्याला बुद्धी आहे, हे त्यांना पटवायचं कसं? बाईंनी तिथेच पुस्तक मिटलं. उत्तर देईल तिला ते घरी न्यायला मिळणार होतं, आणि मला ते हवंच होतं.

कुणी पाढे म्हणू म्हणालं, कुणी चूल पेटवू. मी उठले. "बाई, त्यांच्यासमोर उंदीर पकडून पिंजऱ्यात घालू. जनावर जनावराला कोंडत नाय."

बाई बघतच राहिल्या. गोष्टीतलं उत्तर तेच होतं. "कसं सुचलं गं?"

"आमच्या घरात रोजचंच हाय. पकडायचा नि पुलावरनं सावित्री नदीपल्याड सोडायचा."

मागून पल्याडची शेवंता म्हणाली, "ते तुमचे व्हय गो? आमी आमचे तुमच्या काठाला सोडतो."

वर्ग हसून लोटपोट. बाई म्हणाल्या, "मग पुस्तक उंदरालाच द्यायला हवं."

दिलं मात्र मलाच. तेव्हा तेवढंच महत्त्वाचं होतं. आता वाटतं, परग्रहावरचे आठवडाभर त्या पुलाकडे बघत बसले असते, तर त्यांनी काय ठरवलं असतं?

उंदीर सोडायला मी अजून पुलावरूनच जाते. समोरून कुणी पिंजरा घेऊन येतंय का, तेही बघते.