रंजना वहिनींच्या आळवाच्या गाठी

दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की रंजना वहिनी स्वयंपाकघराच्या जनेलापाशी येऊन उभ्या राहतात. गोव्यात, लाटंबार्शात आमच्या वाड्यावर मोबाइलला नीट रेंज येते ती या एका खिडकीत. अंगणात गेलं की गेली. जनेलाच्या कट्ट्यावर कोपर टेकवून, एका बोटाने, त्या लिहायला लागतात :

"आज कुळथाची पिठी आणि भात. सकाळच्या पावांतला एक उंडा उरला होता, तो पिठीत बुडवून मी उभ्यानेच खाल्ला. आमचा पदेर आता पाव घेऊन स्कूटरवरून येतो. भोंगा मात्र सायकलवर होता तोच ठेवलाय."

खाली एक फोटो. त्यात ताट असतं, कधी ताटाबरोबर मांजराची शेपटी असते.

हे सगळं जातं "दुपारचा चहा" या ग्रुपवर. सात-आठ जणी आहेत त्यात, आणि एकमेकींना कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. स्वयंपाकाच्या कुठल्याशा पानावर लोणच्याच्या मिठावरून त्यांचा वाद झाला होता, तो मिटेना, म्हणून कुणीतरी वेगळा ग्रुप काढला. लोणचं केव्हाच मागे पडलं, बायका राहिल्या. त्यात इचलकरंजीची रेश्मा आहे, तिच्या घरात यंत्रमागाचा आवाज इतका असतो की तिचा बोललेला निरोप कुणालाच कळत नाही. अकोल्याची योगिता आहे, अंगणवाडीत काम करते. वहिनींचं सगळ्यांत जास्त जमतं ते तिच्याशी.

वहिनींचं माहेर दोडामार्गातलं. शाळा सुटल्यावर लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालण्यापलीकडे त्यांनी काही लिहिलं नव्हतं. पण ग्रुपवर त्यांनी काय काय लिहिलंय! खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांची लाल धूळ इतकी उडायची की पापड घरात पंख्याखाली वाळवावे लागत, हे त्यांनी लिहिलं. नवरा दत्ताराम तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, तो मुरगावला बंदरात लागला, शनिवारी घरी येतो आणि रविवारी रात्री मासळीचं कालवण डब्यात घेऊन परत जातो, हेही लिहिलं. योगिताने तेव्हा उत्तर दिलं होतं, "ताई, तुमचं लिहिलेलं वाचलं की मला जेवून उठल्यासारखं वाटतं."

हे वाक्य वहिनींनी दत्तारामला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी घरात पाऊल टाकताना तो विचारतो, "काय गो, अकोल्याची सोयरी जेवली ना?"

सासूबाईंना, म्हणजे सुशीला मांयना, हे थट्टेवारी नेण्यासारखं वाटत नसे. "आधी तुझो फोन जेवता, मगे माणसां," असं त्या ताटावर बसताना म्हणत. "ह्या फोटोच्या नादान एक दिवस कढी गोठतली."

श्रावणातल्या एका सोमवारी वहिनींनी आळवाच्या गाठी केल्या. विहिरीच्या वाटेवर पावसात जे काळ्या देठाचं रानटी आळू उगवतं, त्याला आमच्याकडे तेरं म्हणतात. त्याचं पान गुंडाळून त्याची गाठ मारायची, फणसाच्या आठळ्यांबरोबर शिजवायची, वर नारळाचं वाटप. सोमवारी घरात मासळी नाही, त्यामुळे गाठी असल्या की कुणाची कुरकूर नसते. फोटो गेला आणि ग्रुपवर एकच गलका झाला. भाजीला कुणी गाठ मारतं हे त्यांतल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं.

योगिताने लिहिलं, "आमच्या मोरीमागं चमकोरा माजलाय. आम्ही आळवाला चमकोराच म्हणतो. मला नीट सांगा ताई. अगदी तुमच्याकडं होतात तशाच करायच्या आहेत."

वहिनी त्या दिवशी चहा विसरल्या. पानं ओली नकोत, हाताला खोबरेल लावावं, देठ सोलून बोटाएवढे चिरावेत, कवळी पानं आणि जून पानं वेगळी करावीत, इथपासून वाटप उकळेपर्यंत सगळं त्यांनी एका बोटाने लिहून काढलं. शेवटी लिहिलं, "झाल्या की फोटो पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. गाठी थोड्या सैल होत्या, पण रंग छान होता. खाली योगिताने डोळ्यांत बदाम असलेला चेहरा टाकला होता. वहिनींनी तो फोटो मोठा करून दोनदा पाहिला आणि मांयनाही दाखवायला नेला. "ही अकोल्याची? बरी बांधल्यान," इतकंच मांय म्हणाल्या.

अर्ध्या तासाने दुसरा निरोप आला.

"ताई, सगळ्यांचे घसे खवखवतायत. मुलांचं ठीक आहे, थोडंच खाल्लं. पण सासऱ्यांना आवडली म्हणून त्यांनी दोनदा घेतली. त्यांच्या घशाला सूज आलीय, गिळता येत नाही. दवाखान्यात नेतोय."

त्यानंतर काही नाही.

वहिनींनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यांनी लिहिलं, "कसे आहेत?" ते पोचल्याची खूण उमटली, पण वाचल्याची नाही. तेवढ्यात ग्रुपवर रेश्मा आली. "रंजनाताई, मी पण पानं आणून ठेवलीत. संध्याकाळी करणार होते. करू का नको? काही लिहायचं राहिलं का?" आणि एरवी कधी न बोलणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, "पूर्ण माहिती नसेल तर कृती देऊ नये. घरात म्हातारी माणसं असतात."

वहिनींनी स्वतःचं लिहिलेलं वरून खाली वाचलं. पुन्हा वाचलं. पानं, तेल, देठ, गाठी, आठळ्या, पाणी, वाटप. त्या नेहमी करतात तसंच्या तसं होतं, काही राहिलं नव्हतं. मग खाज कुठून आली? "तुमच्याकडचं आळूच खाजरं असेल," असं त्यांनी लिहिलं. ते खोटं होतं असंही नाही, असतंही एखादं. पण तिकडे एक म्हातारा माणूस दवाखान्यात बसलेला, आणि आपण दोष त्यांच्या मोरीमागच्या आळवाला देतोय, हे त्यांना बघवेना. त्यांनी ते पुसलं.

संध्याकाळी मांय मागल्या पडवीत नारळाची शेंडी सोलत बसल्या होत्या. वहिनी जाऊन पायरीवर बसल्या.

"काय गो? तोंड कित्या सुकलां?"

वहिनींनी सांगितलं. मांयनी शेंडी बाजूला ठेवली.

"तू काय लिवलंस तां वाच."

"तुमका काय कळाचा नाय त्यात."

"मी लिवूक शिकाक नाय. ऐकूक शिकलंय."

वहिनी वाचू लागल्या. मांय मान हलवत ऐकत होत्या, मधेच एकदा "बरोबर" म्हणाल्या. वहिनी वाचत होत्या, "मग गाठी आणि आठळ्या टोपात घालून, बुडतील इतकं पाणी ओतून, मऊ होईपर्यंत शिजवाव्या..."

"थांब थांब. आणि आंबाडे?"

"आंबाडे?"

"आंबाडे ठेचून घालीत नाय आपण? आंबाडे नाय तर सोलां. आंबट पडल्याबिगर तेऱ्याची खाज जाता?"

"ते तुमी घालतास," वहिनी म्हणाल्या.



या घरात मीठ आणि आंबट मोठ्या बाईच्या हातचं असतं. कुणी तसं ठरवलं नाही, पण वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून असंच आहे. त्या टोप चुलीवर ठेवून वळतात, तोवर मांय ती आंबट फळं, आंबाडे, ठेचून मुठीत घेऊन मागल्या दाराने आलेल्या असतात. टोपात टाकतात, कुलेराने एकदा ढवळतात आणि जातात. वहिनींनी लिहिताना आपल्या हातांना विचारलं होतं आणि हातांनी जे केलं ते लिहिलं होतं. मांयच्या मुठीतलं त्यात येणार कसं!

"मगे मी खंय आसंय ह्येच्यात?" मांयनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

 वहिनी उठून जनेलापाशी गेल्या. आधी रेश्माला लिहिलं, "आंबट घातल्याशिवाय करू नको. चिंच घाल, आमसूल घाल, पण पहिल्या पाण्यातच घाल." मग सगळ्यांना लिहिलं, "आंबट लिहायचं माझ्याकडून राहिलं. आमच्याकडे ते सासूबाई घालतात, मी कधीच घातलेलं नाही. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी आहे. योगिताच्या आळवाची नाही, तिच्या हाताचीही नाही."

उत्तरं आली, काही चांगली, काही नुसते अंगठे. योगिताचं आलं नाही. मांयनी त्या रात्री जेवताना दोनदा विचारलं, "तिचो मांव कसो आसा?" सून जसं सासऱ्याला मांव म्हणते, तसं त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं नातं त्यांनी परस्पर लावून टाकलं होतं.

सकाळी पदेर येऊन गेल्यावर फोन वाजला. वहिनी पिठाच्या हातांनी जनेलाकडे धावल्या.

"अवं ताई, काहून इतक्या घाबरल्या? किती फोन केले!" योगिता हसत होती. "माझा फोन घरीच राहिला होता. बाबा बरे आहेत. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत सूज उतरली. रात्री उशिरा घरी आलो, मग त्यांनी दहीभात खाल्ला. आता ओट्यावर बसून चमकोऱ्याला शिव्या घालू राहिले."

वहिनी खाली बसल्या. रेंज गेली. परत उठून उभ्या राहिल्या.

"योगिता, माझ्यामुळे झालं गं."

"तुमचं वाचलं मी सकाळी. पण ताई, खरं सांगू? आम्ही पण आळवाला चिंच घालतोच. मी चिंच भिजवून ठेवली होती. वाटी हातात घेतली होती. मग म्हटलं, ताईनं लिहिलं नाही, म्हणजे गोव्यात घालत नसतील. आपण आपली अक्कल लावली तर ती त्यांची भाजी कशी राहील? म्हणून परत ठेवून दिली."

 ज्या विश्वासाचं वहिनींना एवढं अप्रूप होतं, तोच त्या म्हाताऱ्याच्या घशाला लागला होता.

"आता नाही ना करणार मी सांगितलेलं काही?" त्यांनी विचारलं.

"करणार ना. बाबा म्हणतात, सुनेला विचारू नको, सासूला विचार."

"कोण काय म्हणता?" मागून मांय आल्या होत्या. वहिनींनी फोन त्यांच्या कानाशी धरला. मांय फोनमध्ये मोठ्याने ओरडल्या, अकोला दूर आहे म्हणून. "गो बाय! मांवाक ताक दी. जिऱ्याचा. थंड नको!"

पलीकडून योगिता "हो काकू, हो काकू" म्हणत होती. तिला निम्मं कळत नव्हतं आणि ती ते कळूही देत नव्हती.

त्या दुपारी भांडी पालथी घातल्यावर वहिनी जनेलापाशी गेल्या, तर मांय आधीच तिथे स्टूल घेऊन बसलेल्या.

"परत लिव. सगळां. माज्यासमोर."

वहिनी मोठ्याने बोलत लिहू लागल्या. पानं, तेल, देठ. पाण्यापाशी आल्यावर मांय म्हणाल्या, "आता मी सांगतंय. आंबाडे असले तर सात-आठ, ठेचून, बियेसकट. नाय तर सोलां मूठभर. पयल्या पाण्यात. पान मऊ झालां तरी बोटान दाबून जिबेच्या शेंड्यार लावून बघूचा. खाज लागली तर आणखी आंबट. मगेच वाटप." वहिनींनी ते जसंच्या तसं घातलं. वर लिहिलं, "हे सुशीला काकूंचं."

"आता वाटप," वहिनी म्हणाल्या. "नारळ, सुकी मिरची, हळद, धणे, आणि तेलावर भाजलेले चार दाणे उडीद."

मांयची मान वळली. "काय भाजलेले?"

"उडीद."

"गाठींत उडीद? आमच्या घरात?"

"पयल्यापासून घालतंय, मांय. माझ्या माहेरी घालतत."

मांयनी जनेलाबाहेर बघितलं. दत्तारामच्या लग्नापासून ही बाई आपल्या टोपात दोडामार्गाचे उडीद घालतेय, आणि आपण ते बोटं चाटून खातोय. त्यांच्या तोंडावरून ते सगळं सरकताना दिसत होतं. वहिनींचं बोट फोनवर तसंच थांबलं होतं. आपण हे लिहायचं की पुसायचं, ते त्यांना ठरवता येईना.

"माका वाटायचां, तू नारळ जास्त घालतंस म्हणून घट्ट येता वाटप," शेवटी मांय म्हणाल्या.

"नाय. उडदान."

"हां." मांयनी पदराने स्टुलाची कड पुसली. "मगे लिव उडीद. सोडू नको. आणि वर तुझां नाव घाल."