आत्या, ओटीपी सांग

अन्नपूर्णाबाईचं माहेर गिरडच्या टेकडीखालचं, समुद्रपूर तालुक्यातलं एक लहानसं गाव, आणि सासर आष्टीला. जिल्हा एकच, पण ही दोन टोकं. आष्टीहून आर्वी, आर्वीहून वर्धा, तिथून समुद्रपूर आणि पुढं मिळेल ते वाहन, असं करत पोचेपर्यंत आजही उन्हं कलतात. सासरी किराण्याचं दुकान. प्रभाकरराव, तिचे यजमान, स्वभावानं थंड आणि हिशेबाला पक्के. खाण्यापिण्याला, लुगड्यालत्त्याला तिला कधी कमी पडलं नाही. पण तिखटा-साबणाच्या वासात सारं आयुष्य काढूनही बाई मनानं शेतातलीच राहिली. पाऊस आला की घरातले सगळे ओट्यावरची पोती आत ओढायला धावत, आणि ही दारात उभी राहून विचारी, "तिकडं पेरलं असन का आता?"

तिकडं म्हणजे वडलांच्या शेतात. नाल्याच्या काठची काळी जमीन. परकर खोचायच्या वयापासून ती वडलांच्या तिफणीमागं सरता धरून चालायची. सरता म्हणजे तिफणीला बांधलेली पोकळ नळी. तिच्यात मुठीतनं तुरीचे दाणे सोडत चालायचं. हात घाई करेल तर दाट पडतं, रेंगाळेल तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरं राहतं. वडील मागं वळून पाहत नसत. उगवल्यावर मात्र बांधावर उभे राहून म्हणत, "हे आमच्या अन्नाचं तास." तेवढं ऐकायला ती पेरणीची वाट पाहायची.

वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर दोन नावं लागली. धाकटा भाऊ नानाजी आणि अन्नपूर्णा. वर्ष सरल्यावर नानाजी हक्कसोडीचा कागद घेऊन आला. रीतच ती, बहिणी सही करून देतात आणि साडी घेऊन येतात. अन्नपूर्णाबाईनं कागद परत केला. "मले जमीन नाई पायजे, नाना. पीक तूच खाय. नाव तेवढं राहू दे."

"नाव ठिवून काय करशीन?" त्यानं विचारलं. तिनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला. नानाजीनं चहा अर्धा ठेवला नि उठला. त्या वर्षी दिवाळीला तिला न्यायला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. राखी तिनं पोस्टानं पाठवली, पोचल्याचंही कळलं नाही. असं होत होत माहेर तुटलं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, म्हणून ते मिटवायलाही कोणाला जागा सापडेना.

आणि एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, नानाजी दुकानासमोर येऊन उभा राहिला. केस पांढरे, हातात पिशवी. आत यावं की नाही अशा विचारात तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर करत होता. वडील असेच उभे राहत, सावकाराच्या नाही तर तलाठ्याच्या दारात. अन्नपूर्णाबाईनं तागडीतला गूळ तसाच सोडला.

"नाना! बाहेर काऊन उभा राह्यला? ये न घरात."

पाणी झालं, चहा झाला, जेवण झालं. सुपारी कातरत नानाजी मुद्द्यावर आला. गावात आता बैलजोड्या राहिल्या नाहीत. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या मागं फिरावं लागतं. ओल निघून जाते तेव्हा तो येतो. सरकार ट्रॅक्टरले अनुदान देऊन राह्यलं, पण ते बाईमाणसाच्या नावानं जास्त भेटते. प्रमिलाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नावावर जमीन नाही. "सातबाऱ्यावर बाई म्हनून तूच आहेस, आक्का."

"म्हंजे अर्ज माह्या नावानं? ट्रॅक्टर माहा?"

"कागदावर," नानाजी घाईनं म्हणाला.

प्रभाकरराव गल्ल्यावरून हे ऐकत होते. भाऊ हात धुवायला मागं गेला तेव्हा ते हळूच म्हणाले, "अकरा वर्सांत तुह्या भावाले बहीण नाई आठवली. आज गरज पडली. मौका आहे, हिस्सा मोकळा करून घे."

तिलाही ते कळत होतं. कळत असूनही छातीत काहीतरी लहान मुलीसारखं उड्या मारत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. भाऊ परत आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मले तिकडं यावं लागन का?"

"यावंच लागते. ट्रॅक्टर घेतल्यावर कृषी खात्याचा साहेब पाहाले येते. ज्याच्या नावानं असते त्याले ट्रॅक्टरपाशी उभं करून फोटो काढते."

"करून टाक मंग अर्ज," ती म्हणाली.

भावानं बोलावलं नव्हतं, सरकारी नियमानं बोलावलं होतं. तिला तेवढंही चाललं.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि आधारला मोबाइल तिचा जोडलेला होता. त्यामुळं भाच्याचे, धनंजयचे, फोन सुरू झाले. नानाजीचा हा मुलगा तिनं शेवटचा पाहिला तेव्हा शाळेत जात होता. आता आवाज फुटून बापासारखा झालेला. पहिला फोन आला तोच, "आत्या, धनंजय बोलतो. आता तुह्या मोबाइलवर सहा आकडे येतीन. ओटीपी. तेवढे सांग."

तिनं चष्मा शोधला, आकडे वाचून दाखवले. "हाव, झालं. ठेवतो," म्हणून फोन बंद. बाई फोनकडं पाहत राहिली. माहेरचा फोन आला होता आणि अर्ध्या मिनिटात संपलाही होता.

दुसऱ्या वेळी ती तयार होती. "सांगतो न बावा. आधी सांग, नाल्याकाठी यंदा काय पेरलं?"

"सोयाबीन. आत्या, ओटीपी..."

"तूर नाई पेरली?"

"बांधापाशी धुऱ्याले आहे चार तासं. आत्या, टाइम निंगून जाईन!"

ती पहिले तीन आकडे सांगे आणि मध्येच विचारी, विहिरीला पाणी किती आहे, गिरडच्या यात्रेला कोण कोण गेलतं, तुह्या मायचे गुडघे कसे आहेत. एकदा खरंच वेळ टळली आणि पोराला सगळं परत करावं लागलं. तो चिडला, आणि मग हसायला लागला. "आत्या, तुले बोलाचंच असन तर आकडे आधी देत जा न. मी ठेवत नाई फोन." त्या दिवसापासून ती आकडे आधी द्यायची. धनंजय शब्दाला जागला. कधी मळ्यातून, कधी पारावरून तो पाच-दहा मिनिटं बोलायचा. शेतकरी ओळखपत्राच्या वेळी, कागद चढवताना, यादीत नंबर लागल्यावर, पूर्वसंमती आल्यावर. एरवी लोक या सोपस्कारांना कंटाळतात. अन्नपूर्णाबाई मात्र दर वेळी विचारायची, "आता अजून काय राह्यलं?" आणि अजून काही राहिलंय म्हटलं की तिला बरं वाटायचं. कधी कधी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइल हातात घेऊन उगीच जुने आकडे पाहत बसे. त्यांचा आता काही उपयोग नव्हता. ती ते पुसायची नाही.

तपासणीचा दिवस ठरला. नानाजीनं कपास विकून, बँकेचं पाहून ट्रॅक्टर आणलेला होता. अन्नपूर्णाबाई पहाटेच्या गाडीनं निघाली. समुद्रपूरच्या स्टँडवर धनंजय मोटारसायकल घेऊन आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला, तिला त्याच्या तोंडाकडं पाहतच राहावंसं वाटलं, पण तो म्हणाला, "बस आत्या लवकर, साहेब येऊन राह्यले."

शेत तिनं ओळखलंच नाही. नाला खोल करून सरळ केलेला. बांधावरची बोरीबाभळी गेलेल्या. ट्रॅक्टर वळायला जागा लागते, म्हणून दोन बांधही मोडलेले. लहानपणी जे शेत तिला संपतच नाही असं वाटायचं, ते एका नजरेत मावत होतं. मध्ये लाल रंगाचा ट्रॅक्टर, बॉनेटवर हार, समोर कुंकवाचं स्वस्तिक. प्रमिलाबाई डोक्यावर पदर घेऊन लांबच उभी. तिनं पाया पडून घेतलं, पण नजर दिली नाही.

कृषी सहायक तरुण होता, घाईत होता. इंजिनावरचा नंबर पाहिला आणि विचारलं, "मालक कोण?"

नानाजीनं मुलाकडं पाहिलं. मग धनंजय म्हणाला, "आत्या."

"या मावशी, इथं उभ्या राहा. हात ठेवा ट्रॅक्टरवर. इकडं पाहा." दोन फोटो निघाले आणि साहेब निघून गेले. एवढ्याचसाठी ती जिल्हा ओलांडून आली होती.

नानाजी म्हणाला, "चल, एक चक्कर मारून देतो तुले." ती चाकावरच्या पत्र्यावर बसली, पदर कमरेला खोचून, एका हातानं दांडा धरून. मागं नांगराचे फाळ जमिनीत घुसले आणि काळी माती उलथत निघाली. तो वास बदललेला नव्हता. शेताच्या टोकाला नानाजीनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. टेकडीवरून येणारा वारा तेवढा ऐकू येत होता.

"आक्का, एक विचारू? तवा सही काऊन नाई केली?"

"मले हिस्सा नोता पायजे, नाना. आष्टीत मी कोनाची सून, कोनाची माय. त्या कागदावर नाव होतं तवर वाटे, आपन अजून या वावरात आहो. ते खोडलं असतं तर मी कुठीच नसती राह्यली."

नानाजी स्टिअरिंगवरून हात फिरवत बसला. "मले वाटलं..." एवढं म्हणून तो थांबला. मग त्यानं पुन्हा इंजिन चालू केलं, आणि उरलेलं बोलणं त्या आवाजात राहून गेलं.

दुपारच्या गाडीची वेळ झाली. मुक्कामाच्या तयारीनं तिनं पिशवीत दोन लुगडी आणली होती. ती कोणाला दिसू नयेत म्हणून वरून टॉवेल घातला होता. प्रमिलाबाई म्हणाली, "राह्यल्या असत्या तर..." पण वाक्य पुरं केलं नाही. "दुकानावर कोनी नाई," अन्नपूर्णाबाई म्हणाली. दुकानावर मुलगा होता, सून होती. त्या पिशवीचा भार परतीच्या वाटेवर तिला जास्त वाटला.

पोळ्याच्या आसपास अनुदान तिच्या खात्यात जमा झालं. प्रभाकररावांनी फक्त तिच्याकडं पाहिलं. ती त्याच दिवशी बँकेत गेली आणि सगळं नानाजीच्या खात्यात पाठवून आली. धनंजयचा फोन आला, "आत्या, आले पैशे. झालं आता सगळं, काईच राह्यलं नाई." पोरगं आनंदात होतं. ती "बरं झालं" म्हणाली.

त्यानंतर फोन आला नाही. तिनं एक-दोनदा लावला. तो ट्रॅक्टरवर होता, त्याला आवाज ऐकू गेला नसावा. दसरा आला. आपट्याची पानं वाटताना तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभर दाराकडं बघतोय. तिला स्वतःचाच राग आला. रात्रीच्या जेवणाला तिनं प्रभाकररावांना सांगितलं, "मी उद्या तिकडं जातो."

"बोलावलं का कोनी?"

"नाई. माहा ट्रॅक्टर आहे तिथं. पाहून येतो."

प्रभाकरराव पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "जा," म्हणाले. "मुक्कामानं जा."

ती पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. पिशवी ओट्यावर ठेवून ती सरळ वावरात गेली. कपाशी फुटली होती. पांढऱ्या बोंडांमध्ये प्रमिलाबाई एकटीच, वाकून वेचत होती. मजूर मिळाले नव्हते, बाप-लेक ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतात भाड्यानं गेले होते. नणंदेला पाहून ती ताठ उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"सीतादई झाली का?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं. वेचणीच्या आरंभी घरच्या बायका कपाशीच्या बुडाशी दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. लहानपणी ते दही ठेवायचा मान तिचा असे.

"परवा झाली." प्रमिलाबाई ओशाळली. "सांगाचं ध्यानातच नाई आलं, आक्का."

झालेली होती. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, ती फक्त कोणाला आठवली नव्हती. अन्नपूर्णाबाईनं पायातल्या चपला बांधावर काढल्या. मग तिनं बांधावरचं एक फडकं उचललं, कमरेला झोळीसारखं बांधलं आणि शेजारच्या तासाला लागली. हात सवय विसरले नव्हते. बोटांना बोंडांची टोकं टोचत होती, आणि तेही बरं वाटत होतं.

दोन तासं वेचून संपली. मग प्रमिलाबाईच म्हणाली, "आक्का, खरं सांगू? तुमाले पाह्यलं न, मले वाटलं तुमी हिस्सा मांगाले आल्या. इतके वर्सं मले हेच भेव. धनंजयचं लगन व्हाचं आहे, वावर फाटलं तं काय राह्यते."

"नाव माहं राहीन," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "पन तुह्या पोराच्या तोंडचं मी नाई काढनार. माह्यानंतर तुमी पाहा."

प्रमिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या पिशवीत लुगडे होते त्या दिवशी. मी पाह्यले होते. मले बोलाले जीभ नाई वळली."

संध्याकाळी बाप-लेक परतले तेव्हा ओट्यावर कापसाचा ढीग होता आणि चुलीपाशी दोघी बसल्या होत्या. नानाजी दारातच थबकला. "कवा आली?" एवढंच विचारलं, आणि आत जाऊन बहिणीसाठी खाट टाकली.

ती वेचणीचा पहिला फेरा संपेपर्यंत राहिली. आता वर्षातून दोनदा जाते, एकदा पेरणीला, एकदा वेचणीला. फोन आला तर येतो, नाही आला तरी निघते. पेरणी यंत्रानं होते; तिला तिथं काम नसतं, बांधावर बसून पाहते. वडलांचं ते 'अन्नाचं तास' ऐकू येत नाही, नाल्याचं वळण कुठं होतं ते बोटानं दाखवते आणि दाखवायला समोर कोणी नसतं. परत आष्टीला आली की टाचांच्या भेगांत काळी माती भरलेली असते. सून म्हणते, "आई, गरम पानी देऊ का, पाय बुडवा." ती पाय पदराखाली ओढून घेते आणि म्हणते, "राहू दे दोन रोज."