वायरमनच्या नावापुढची लाल फुली

सरकारी इमारतींची देखभाल करणाऱ्या आमच्या कार्यालयात मी आस्थापनेचा कारकून होतो, आणि दुसऱ्यांच्या उशिरावर माझं फार प्रेम होतं. अंगठ्याचं हजेरीयंत्र वर्षातले सहा महिने आजारी रजेवर असायचं, त्यामुळे जुनं मस्टरच चालू होतं. सव्वादहा वाजले की मी ते ओढून घ्यायचो आणि रिकाम्या रकान्यांत लाल फुल्या मारायचो. उशिरा आलेले लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू त्यांची बस मीच चुकवली.

आमचा वायरमन मात्र कधी सापडला नाही. कोराडीहून पहिल्या बसने यायचा, सही करायचा आणि मी दारात दिसलो की भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा. "भाऊ, आज पाच मिनिटं लेट झाले तुमी," असं सगळ्यांदेखत म्हणायचा. बावीस वर्षांत त्याच्या नावापुढे एक फुली नव्हती. त्यामुळे एका सोमवारी सव्वादहाला त्याचा रकाना रिकामा दिसला, तेव्हा मला चक्क आनंद झाला. मी फुली मारली, जरा मोठीच मारली.

त्या वेळी तो जाऊन पाऊण तास झाला होता. सरकारी क्वार्टरचा पाण्याचा पंप बंद पडला म्हणून साहेबांनी सकाळीच फोन करून त्याला परस्पर तिकडे पाठवलं होतं. दुरुस्ती करताना शॉक लागून तो जागीच गेला. आमच्याकडे बातमी पोचली ती अकरा वाजता.

सगळे हळहळले. शोकसभेत साहेब दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग फाइल उघडली. कामावर असताना मृत्यू झाला असं ठरलं, तर त्याच्या बायकोला वाढीव निवृत्तिवेतन आणि सानुग्रह मदत मिळणार होती. नाही ठरलं, तर नेहमीचं तेवढं. आणि तो कामावर होता की नाही, याचा सरकारपाशी एकच साक्षीदार होता, माझी फुली.

"रेकॉर्डप्रमाणे तो गैरहजर होता," साहेब म्हणाले. फोन कबूल केला असता तर पुढचे प्रश्न येणारच होते. लाइन बंद का केली नव्हती, सोबत दुसरा माणूस का नव्हता, रबरी हातमोजे कुठे होते. "फुली तुमचीच आहे ना? मग विषय खतम." इतक्या वर्षांत साहेबांनी माझ्या कामाचं केलेलं हे पहिलंच कौतुक.

त्याची बायको तीनदा आली. खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून दर वेळी मी तिला नवा दाखला आणायला लावला. लग्नाचा, वारसांचा, आणि ती स्वतः जिवंत असल्याचा. तोही ती समोर बसलेली असताना. तिसऱ्या खेपेला तिने सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले. "आता कोणता राह्यला जी?"

मग मी सांगितलं. मस्टरवर ते गैरहजर आहेत.

तिने पिशवीतून नवऱ्याचा मोबाइल काढला. सहा पन्नासला आलेला साहेबांचा फोन त्यात दिसत होता. "कामावर नव्हते, तं पंपापाशी कायले गेले भाऊ?" तिने आवाज चढवला नाही. "पैशाचं होईल तसं होईल. पण त्या माणसानं कधी खाडा नाई केला. कावीळ झाली तरी गेले. काहून लिवलं तसं? कोनं लिवलं?"

"मी," मी म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली. ती गेल्यावर मी मस्टर पुढे ओढलं.

मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, हे मीच आयुष्यभर सगळ्यांना ऐकवत आलो होतो. म्हणून फुली तशीच ठेवली आणि शेजारी टिपण लिहिलं. फुली चौकशी न करता मारली आहे, सदर कर्मचारी वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून कामावर होता, चूक माझी. खाली सही केली. साहेबांच्या टेबलावर फाइल झोपू नये म्हणून टिपणाची आणि तिच्याकडून घेतलेल्या फोनच्या नोंदीची एक प्रत थेट वरच्या कार्यालयात नेऊन दिली. दोन दिवसांत मला 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. नोटिसा टाइप करणं माझ्याच टेबलाचं काम, त्यामुळे ती मीच टाइप केली, जावक रजिस्टरला चढवली आणि माझ्याकडून पोच घेतली.

मंजुरी यायला पुढचं वर्ष उजाडलं. मी आदेशाची प्रत तिच्या हातात दिली. तिने ती न वाचताच घडी घालून पिशवीत टाकली. "ते पान दाखवा," म्हणाली.

मी कपाटातून मस्टर काढलं. तिने फुलीवर बोट ठेवलं आणि शेजारचं माझं टिपण अक्षर लावत लावत वाचलं.

"म्हणजे आता हजर हायेत ना जी ते?"

"हजर आहेत," मी म्हणालो. "त्या दिवशी लेट मीच झालो होतो."