खलातली वाळू

माझ्या थोरल्या दिरांना प्रयोगशाळेत सगळे ‘खलकाका’ म्हणत. आकाशातून पडलेले दगड खलात घोटून त्यांची पिठासारखी पूड करायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. त्या पुडीवर उजेड पाडून, कुठल्या रंगाचा उजेड किती परत येतो याची रेषा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई यंत्रावर काढत. दूरच्या लघुग्रहांच्या उजेडाचीही तशीच रेषा असे. दोन्ही जुळल्या, की दगडाचं माहेर सापडलं म्हणायचं.

दगड बदलताना खलात तीनदा कोरी वाळू घोटून फेकायची, नाहीतर आधीच्याचे कण पुढच्यात उतरतात. भाऊजींचा हा नेम कधी चुकला नाही.

आणि एका दगडाची रेषा जुळली. बाईंच्या चार वर्षांच्या कष्टांचं फळ. लेख छापायलाही गेला. भाऊजींची अन्नावरची वासना मात्र उडाली.

पंधराव्या दिवशी ताटावरच म्हणाले, “त्या दगडाआधी वाळू एकदाच फिरवली. वहीत तीनदा लिहिलं.”

दिवस कुठला ते विचारावं लागलं नाही. जाऊबाईंना ऑपरेशनला आत नेलं, तो.

हे म्हणाले, “दादा, वरचा दगड काय तक्रार करायला खाली येणार आहे?”

“आलाच आहे की तो खाली!”

हसू आलं आणि तिथंच विरलं.

“दोन महिन्यांवर निवृत्ती,” जाऊबाई म्हणाल्या. “एवढ्या वर्षांचं नाव घालवणार?”

“नाव माझं जाईल गं. पण दगडाला खोटं माहेर चिकटेल.”

 मी मनातच म्हटलं, देवा, भाऊजींना उद्या खरं सांगायला जीभ दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं.  बाईंनी कपाटातून त्या दगडाचा उरलेला, हरभऱ्याएवढा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

“पुन्हा घोटा.”

“तुम्ही समोर उभ्या राहा.”

“काही गरज नाही,” म्हणून बाई बाहेर गेल्या.

तीनदा वाळू, मग तुकडा. नवी रेषा आली. आधीच्या रेषेतला जो खळगा लघुग्रहाच्या रेषेशी जुळला होता, तो जवळजवळ बुजला होता; जुळणी आधीच्या दगडाच्या कणांची होती. बाईंनी लेख परत मागवला. भाऊजींनी वहीतला ‘तीन’ खोडून ‘एक’ लिहिलं, खाली सही केली.

संध्याकाळी जेवताना हे सगळं त्यांनीच सांगितलं. जाऊबाई ऐकत राहिल्या. भाऊजींनी ताट पुढं केलं, तेव्हा जाऊबाईंनी दुसऱ्यांदा वाढलं.