माहेरच्या नावाला दिलेली ओ

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव काढलं, बायांनी कौतुक केलं, आणि जुनं नाव त्या ताटासोबतच उचललं गेलं. मेहकरला सासरी ते कोणाला ठाऊकही नव्हतं. माहेरी माय आणि दादा मला ‘बाई’ म्हणत. जुन्या नावानं हाक मारायचे ते एकटे बाबा. विहिरीवरून मारत, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी.

बाबा गेले तेव्हा मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. जिवंत माणसानं असला कागद करायचा म्हणजे अभद्रच, असं आमच्याकडे समजत. विहिरीचं वावर बाबांनी स्वतःच्या कष्टानं घेतलेलं. तेरवी आटोपली आणि दादा म्हणाला, “बाई, तुही एक सही पाहिजे.”

“कायची?”

“वावराची. नवा कायदा आला न बाप्पा! बापाच्या मागं पोरीले बी हिस्सा. तू सोडून दे, म्हणजे झालं.”

मी निघताना मायनं माझा हात धरला. “मले याच्याच घरी रायनं हाय, बाई. तू हिस्सा घेतला तर तुले या उंबऱ्यात कोन येऊ देईन?”

मेहकरला आले तर तिथं सासूबाई तयारच. “कायद्यानं भेटून राह्यलं तर सोडतं काऊन? सही करून आली तर या चुलीले हात लावायचा नाही!” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “तुह्यं तू पाय.”

वा रे वा! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ‘तुझं तू पाहा’ म्हणाला, ते नेमकं तेव्हा. मला असा संताप आला की हातातलं लाटणं भिंतीवर मारलं. त्यानं काय होणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि वावराचं एक ढेकूळही मला नको होतं. मला माय भेटायला हवी होती आणि दोन घरांत तोंड दाखवायला जागा हवी होती, बस.

शेवटी मायसाठी मी सही करायला चिखलीच्या कचेरीत गेले. दादानं अर्जनवीसाकडून हक्कसोडीचा कागद आधीच लिहून आणला होता. कारकुनानं तो पाहिला, पटवाऱ्याकडची वारसांची नोंद पाहिली आणि कागद परत सरकवला.

“वारसांत मुलीचं नाव वेगळं आहे. ही बाई वारस नाही. हिचा या जमिनीशी काही संबंध नाही.”

झालं होतं असं, की पटवाऱ्याला नावं सांगितली मायनं, आणि तिनं सांगितलं माझं जन्माचं नाव. दादानं कागदात घातलं तांदळातलं.

खरं सांगते, मला एकदम हलकं वाटलं. सुटले! वारसच नाही, तर सोडायचं काय आणि मागायचं काय? दोन्ही घरी सांगायचं, सरकारच नाही म्हणते. मी पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि दाराकडे निघालेसुद्धा. आपण बाबांची कोणीच नाही याचा मला आनंद झाला होता. त्याची लाज अजून वाटते.

मागून दादा ओरडला, “साहेब, सख्खी बहीण हाय हो माही!” कारकून म्हणाला, “कशावरून?”

तेव्हा दादानं माझं जुनं नाव घेऊन हाक मारली. मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून. थेट बाबांचा आवाज.

आणि मी दारातूनच म्हणाले, “ओ!”

कारकून हसला. “पटली ओळख,” म्हणाला, आणि कागदावर माझ्या सासरच्या नावाआधी जुनं नाव आणि ‘ऊर्फ’ घातलं. “राजीखुशीनं सोडता ना?” मी ‘हो’ म्हटलं. शाळा सुटल्यापासून ते नाव लिहिलं नव्हतं. पहिलंच अक्षर वाकडं आलं.

सासूबाईंनी महिनाभर चुलीला हात लावू दिला नाही. मायला मात्र मी शेवटपर्यंत भेटत राहिले. दादा पुन्हा ‘बाई’च म्हणू लागला. त्या ओनं मी बाबांची मुलगी ठरले, ती त्यांचं वावर सोडण्यापुरतीच. त्या नावानं मला नंतर कोणी हाक मारली नाही. मारली, तरी मी ओ देणार नाही.