खडूस आणि घासलेले तळ

कारखान्यात तिला सगळे खडूस म्हणत आणि तिला ते आवडायचं. काम तपासणीचं. काचेचा प्रत्येक पेपरवेट उलटा करून उजेडात धरायचा. आतलं फूल जरा कललेलं दिसलं, की तळावरच्या शिक्क्यावर काच कापायच्या हिरकणीने आडवी रेघ. रेघ म्हणजे सेकंडचा माल, कामगारांना पडत्या भावात. काच फुंकणारे तिला शिव्या घालत. त्यांतलाच एक तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

कारखाना बंद पडला. ज्या पेपरवेटना कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, तेच जमवणारे शौकीन उगवले. मेहुण्याकडे सेकंडच्या पेट्याच होत्या. त्याने तळ घासून शिक्क्यासकट रेघा उडवल्या आणि रविवारच्या बाजारात टेबल मांडलं. खडूसला पोर ना बाळ. ती त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. त्याबदल्यात तोंड शिवून टेबलामागे बसायचं. "कारखान्याच्या तपासणीबाई आहेत, सगळा माल यांनीच पास केलाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ज्याचे धड चार नग तिने कधी पास केले नाहीत, त्याने तिचंच नाव विकावं! ती आतल्या आत जळायची, पण डोक्यावरचं छप्पर आठवून गप्प राहायची.

एका रविवारी एका म्हाताऱ्याने निळ्या फुलाचा नग उचलला आणि थेट तिलाच विचारलं, "बाई, हा तुम्ही पास केलात?"

मेहुण्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिथेच त्याचं चुकलं.

"मी? मेले तरी करणार नाही!" ती कडाडली. "तळ बघा. वीस वर्षं टेबलावर सरकलेल्या काचेला बारीक ओरखडे पडतात. याला तान्ह्या बाळाचा तळवा! आत्ता आत्ता घासलाय. घासून घासून फूल पार बुडाला टेकलंय."

म्हाताऱ्याने नग ठेवला आणि काढता पाय घेतला.

"खाल्ल्या घरचे वासे मोजता?" मेहुणा ओरडला.

"तुम्ही माझं नाव विकायचं आणि मी वासेही मोजायचे नाहीत?"

बहीण इतका वेळ फडक्याने माल पुसत होती. निदान ती तरी आपल्या बाजूने बोलेल, अशी खडूसला वेडी आशा होती.

"ताई," बहीण मान वर न करता म्हणाली, "आज घरी येऊ नकोस. उद्याही नको."

 खडूसने पिशवी उचलली, बहिणीच्या हातातला हिरवा नग घेऊन उलटा केला आणि परत दिला.

"हाही सेकंड आहे. विक खुशाल," ती म्हणाली. "पण तू माझी बहीण होतीस, हे कुणाला सांगू नकोस."